कुलपातलं पाणी

पेण
४ जुलै १९९९

मैना,

काल बाजारात तुमच्या गावची हौसा भेटली. भाजीची पाटी उतरवायला मी हात लावला, तर तिनं पहिलं तुझंच नाव काढलं. तुझ्या बहिणीचा हात गळ्यात बांधलेला आहे, भुवईवर मोठी खोक आहे आणि विचारलं तर नुसती हसते, म्हणाली. कशानं लागलं म्हणून विचारलं, तर पदर तोंडाला लावून वांगी मांडायला बसली.

मी आडवळणानं विचारत नाही. हैबतराव तुला मारतात का?

आजवर त्यांनी तुझ्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. कंपनीतली शिफ्ट संपवून थेट चिखलात उतरणारा माणूस, पण घरात पाऊल ठेवताना हळू ठेवायचा. होळीपासून त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून दोनदा पनवेलला मशीनवर रक्त धुवायला नेतेस, हे सगळं मला माहीत आहे. आजारानं माणूस चिडतो. पण खोक पडेपर्यंत?

तुमची गाडी सोमवारी आणि गुरुवारी पेणवरूनच जाते. स्टेशनवर येऊन खिडकीतून तुला बघावं असं रोज ठरवतो. पण गणपतीच्या आधीचे हे दिवस, कारखान्यात मान वर होत नाही. डोळ्यांची आखणी माझ्याकडे. शेठ म्हणतो, बाबाजी, तू उठलास तर देव आंधळे जातील.

खरं लिही.

दादा


अष्टमी, रोहा
११ जुलै

दादा,

हौसाला सांग, वांग्यांकडे लक्ष दे. मोरीत शेवाळ होतं, पाय घसरला, हात अंगाखाली आला. संपलं.

तुझे भावोजी आहेत तसे आहेत. पाण्याचं मात्र त्यांना फार जड जातं. लघवी होतच नाही, मग प्यालेलं जाणार कुठं? आधी पायांत साठतं, मग छातीत, मग श्वास कोंडतो. डॉक्टरांनी गडू ठरवून दिलाय. दिवसभराचं पाणी तेवढंच, चहा-आमटीसुद्धा त्यातलीच. दुपारीच गडू संपतो. मग दिवस मावळेपर्यंत ते सैपाकघराच्या दाराकडे बघत बसतात. त्या दाराला मी कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात घालते. विहिरीचा पोहरा शेजारच्या बायजाकडे ठेवते. कुत्र्यासाठी अंगणात थाळीत पाणी असायचं, तेही बंद केलं. का ते विचारू नकोस.

येणारा-जाणारा मला शिकवतो. परवा शेजारचा काळुराम ओटीवर बसून म्हणाला, "वयनी, मरणाऱ्याला पाणी पाजायचं असतंय."

मी म्हटलं, "मरतील तवा पाजीन. अजून जिते हायत."

तो हसला. हे हसले नाहीत.

तू तुझ्या देवांचे डोळे काढ. इकडची काळजी करू नको.

मैना


पेण
१८ जुलै

मैना,

काळुराम बियाणाच्या कामाला पेणला आला होता, तो कारखान्यात येऊन गेला. भावोजींनी त्याच्याबरोबर निरोप दिला होता. "बाबाजीला सांग, तुजी भन मला कुलपात ठेवून तहानेनं मारते." निरोप सांगताना काळुरामचे डोळे भरून आले.

मी दिवसभर एकाही मूर्तीला हात लावला नाही.

बाय गो, आपल्या ओटीवर अनोळखी वाटसरू आला तरी आई आधी गूळपाणी पुढं करायची, मग नाव विचारायची. डॉक्टरांनी बेतानं द्यायला सांगितलं असेल. त्याचं तू कुलूप केलंस. माराचं तू मला लिहिलं नाहीस, पण मला कळलं. तहानलेल्या माणसानं हात उचलला, तर दोष कुणाचा, याचाही विचार करायला हवा.

मी शनिवारी येतो, दोन दिवस राहतो. मागच्या माडाची शहाळी उतरवून आणतो. कोवळी आहेत. शहाळं म्हणजे काही पाणी नव्हे, ते औषध. आपल्याकडं कुणाची लघवी अडली, तर आधी शहाळंच देतात. मी देवापुढं ठेवून, त्याला सांगून आणणार आहे.

दादा


अष्टमी, रोहा
३० जुलै

दादा,

तुझ्या कपाळाचे टाके अजून ओले असतील. वाईट वाटत नाही. कधी वाटलंच तर कळवीन.

रविवारी मी भाताच्या आवणीला गेले, तेव्हा किती हलकी गेले होते, तुला सांगू? किती महिन्यांनी घरात माझं माणूस होतं. चिखलात उभी राहून मी बायजाबरोबर गाणं म्हटलं. शहाळी त्यांना देऊ नको म्हणून बजावून गेले होते. आणि तू इकडं कोयता घेऊन एकेक शहाळं फोडत होतास. मी पाण्याचं विचारलं, तर दोघं दुसरंच बोलायला लागलात. करवंट्या तू गोठ्यामागं टाकल्यास. भावोजींच्या तोंडावर तकाकी आली होती, ती मलाही दिसली. मला वाटलं, मेव्हण्याला बघून आली.

सोमवारी गाडीत नागोठणं गेलं आणि त्यांचे हातपाय मेले. डोळे उघडे, पण बोट हलेना. नाडी धरली तर एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट बघायची. तेव्हा तू म्हणालास, "शहाळ्यांनी तर बरं वाटायला हवं होतं." पेण आलं, तू उतरलाही नाहीस. पनवेलला चौघांनी मिळून त्यांना आत नेलं. डॉक्टर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. बायको आहेस का वैरीण, असं विचारलं. तू शेजारी उभा होतास, तुझ्या तोंडातून शब्द आला नाही.

म्हणून बाहेर आल्यावर मी तुला डब्यानं मारलं. लोकांनी ओढलं नसतं, तर आणखी मारलं असतं.

आता तुला खरं हवं होतं ना, ते घे. मोरीत शेवाळ नव्हतं. माझा हात त्यांनी पिरगाळला, किल्लीसाठी. रिकामा गडू फेकून भुवई फोडली. ज्या हातात मशीनसाठी नस जोडलीय ना, मनगटावर गाठ आहे ती, त्या हातानंच मारतात. तो हात दाबला तर नस बंद पडते, म्हणून मी तो कधी धरणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

आणि मीही मारते. हे हौसानं पाहिलं नाही. एकदा ते मोरीत वाकून राख घातलेलं भांड्यांचं पाणी पीत होते. मी ओढलं, सुटेनात. कपडे धुवायचं धोपाटणं हाताला लागलं. पाठीत घातलं. ते थांबले, तरी मी थांबले नाही. आता दाराआड धोपाटणं असतंच. कधी एक हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधते. नसेचा नाही, दुसरा.

यापुढचं लिहू नये, पण लिहिते. त्यांना मारायला धोपाटणं लागतच नाही. पाणी भरताना रोज मनात येतं, ही कळशी त्यांच्या उशाशी ठेवावी, कुलूप उघडं टाकावं आणि दिवसभर शेतावर जावं. गाव म्हणेल, शेवटी बाईला दया आली. एकदा मी ठेवली होती. बांधापर्यंत गेले आणि तिथून धावत परत आले. त्यांना झोप लागली होती, म्हणून वाचले. पुढच्या वेळी मी बांधावरून परत फिरेन, असं मला सांगता येत नाही.

तुझ्या देवाला विचार काय करायचं ते.

मैना


पेण
३ ऑगस्ट

मैना,

टाके घालणाऱ्या डॉक्टरांना मी शहाळ्याचं विचारलं. ते म्हणाले, धडधाकट माणसाला ते चांगलंच. पण ज्याची मूत्रपिंडं बंद आहेत, त्याच्या रक्तात त्यातले क्षार साठतात आणि हृदय थांबवतात. डॉक्टर साधेपणानं बोलत होते. मी कोयता आठवत होतो. प्रत्येक शहाळ्याला मी हात जोडले होते.

तुझं पत्र मी देवापुढं ठेवलं नाही. त्याला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. मी आडदांडपणानं तुला पाण्याचं पुण्य शिकवलं आणि तू कळशी घेऊन एकटी बांधावर उभी होतीस.

आता ऐक. पुढच्या रविवारी मी तुझ्या घरी येतो. तू पेणला जा आणि बोलावीपर्यंत येऊ नको. गिरजानं तुझ्यासाठी माळ्याखालची जागा सारवून ठेवलीय. शेठला सांगितलं. तोंडाला येईल ते बोलला. यंदा डोळे कारखान्यातला पोरगा, पोपट, काढील. त्यानं काढलेले देव जरा दचकल्यासारखे दिसतात. दिसू देत.

किल्ली माझ्या हातात दे आणि गाडीत बस. गडू कुठला, तेवढं दाखव. धोपाटणं मी शोधून काढीन.

दादा


अष्टमी, रोहा
१४ ऑगस्ट

मैना,

तू गेल्यावर भावोजी भिंतीकडे तोंड करून पडले. मी किल्ली जानव्याला बांधतात तशी करगोट्याला बांधली. मग मनाशी एक ठरवलं. ते जेवढं पाणी पितील तेवढंच मी पिणार. रोग्यापेक्षा एक घोटही जास्त नाही. मला वाटलं, ही सेवा. एकादशीला निर्जळी राहणारा माणूस मी, मला काय जड?

पहिला दिवस नाम घेत गेला. दुसऱ्या दिवशी नाम घ्यायला जीभ वळेना. तिसऱ्या दिवशी बुधवार. मी देवांना आंघोळ घातली, ताम्हनातलं तीर्थ कोनाड्यात ठेवलं आणि फुलं आणायला वळलो. परत येतो तर भावोजी ताम्हन तोंडाला लावून उभे. मी ताम्हन धरलं. त्यांनी नसेच्या हातानं ते माझ्या कपाळावर आपटलं, नेमकं तुझ्या टाक्यांवर. रक्त डोळ्यांत गेलं. तीर्थ जमिनीवर सांडलं. आणि ते गुडघ्यांवर बसून जमीन चाटायला लागले.

ते बघून मला दया यायला हवी होती. मला राग आला तो या गोष्टीचा, की मलाही खाली वाकावंसं वाटलं. मी त्यांची मान धरली. तोंडावर मारलं. त्यांचा दात ओठात घुसला. दुसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा त्यांनी नसेचा हात आडवा धरला आणि मी तोच हात पकडणार होतो. बोटं गाठीला लागली. आत रक्त कसं थरथरत वाहतं, ते बोटांना कळलं. तेवढ्यावर मी थांबलो.

तुला हे कुठं जाऊन सांगता आलं असतं? कुठंच नाही.

काल-परवाचं पनवेल सांगतो. ते आत मशीनवर असताना बाहेरच्या बाकावर आम्ही बसतो. तू त्या बाकावर कुणाशी बोलत नसायचीस, असं तिथली कृष्णाबाई म्हणाली. नागोठण्याची, मुलाला आणते. माझं कपाळ बघून तिनं विचारलं, "पाणी का मीठ?" मी पाणी म्हटलं. तिनं बाही वर करून दंडावर दातांचे वण दाखवले, म्हणाली, माझं मीठ. लोणच्याची बरणी हिसकताना. मग एका म्हाताऱ्यानं पायजमा वर केला. त्याच्या बायकोनं चुलीतलं लाकूड मारलेलं. बाजारात भाजी दाखवावी तसे आम्ही वण दाखवत बसलो. आणि मैना, आम्ही हसलो. मग कुणी विचारलं नसताना तो म्हातारा म्हणाला, मी बी तिला मारलंय. कुणी दचकलं नाही. कृष्णाबाई म्हणाली, "ज्याचा हात उठायला लागला, त्यानं दुसऱ्याला हाक मारायची. आमी तसंच करतो. मी याच्या घरी जाते, हा माझ्या."

तिनं आणखी सांगितलं. आधी मीठ शोध, तहान मिठातून येते. घरी येऊन मी गादी झटकली. उशीच्या खोळीत खारी सुकट निघाली. काळुराम दया म्हणून आणून देत होता. मी त्याला ओटीवर बोलावून बसवलं आणि ज्या गावाला दया येते, त्यानं दुपारी येऊन खाटेपाशी बसावं, म्हटलं. तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी बायजा आली.

गडूऐवजी आता लहान पेला ठेवलाय. दिवसभराचं पाणी तेवढंच, पण घोटाघोटानं. मधे लिंबाची फोड चोखायला.

तू कशी आहेस?

दादा


पेण
१९ ऑगस्ट

दादा,

आधी पाणी पी. उपास करणाऱ्यानं रोग्यापाशी बसू नये. त्यांना तुझ्या तहानेचा काय उपयोग? एका घरात दोन तहानलेली माणसं म्हणजे दोन जनावरं. तू आजच पोटभर पी, मग पुढचं वाच.

आल्यावर मी झोपले. गिरजावहिनीनं जेवायलासुद्धा उठवलं नाही. जाग आली तेव्हा उशाशी तांब्याभर पाणी होतं. मी तो उचलला आणि आधी मागं वळून बघितलं. घरात मी त्यांच्यासमोर घोटभरही पाणी पीत नाही. विहिरीवर पिते, तेही तोंड फिरवून, पदरानं ओठ पुसून मग घरात जाते. एकदा हनुवटीला थेंब राहिला होता, तर त्या थेंबासाठी मार खाल्ला. इथं मी सगळा तांब्या घटाघटा प्याले. वहिनी दारात उभी होती. तिनं तो पुन्हा भरून ठेवला.

दुपारी तिच्याबरोबर कारखान्यात जाते, मूर्तींना पाणी लावून अंग गुळगुळीत करते. पोपट म्हणतो, ताई, तुमचा हात भावापेक्षा हलका. मी म्हटलं, भावाला विचार हलका का जड.

तू बाकाचं लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या बाकावर मी खाली मान घालून बसायचे. मला वाटायचं, कृष्णाबाई नवऱ्याला मारणारी बाई ओळखेल. ती ओळखतच होती तर.

आता तुला आवडणार नाही ते. मला परत यावंसं वाटत नाही. त्यांचा राग नाही. मला माझ्या हातांची भीती वाटते. इथं ते मातीला लागतात तेव्हा बरे असतात. तिथं आले की कळशी दिसेल. हे त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. मला तोंडानं सांगता येणार नाही.

ते माझं नाव काढतात का?

मैना


अष्टमी, रोहा
२५ ऑगस्ट

मैना,

पाणी प्यालो. तुझं बरोबर होतं. प्यालो आणि तासाभरात भावोजी मला माणूस वाटायला लागले.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सगळं. कळशीचंही सांगितलं, उशाशी ठेवून बांधापर्यंत गेलीस ते. ते लपवून तुला इथं बोलावणं मला बरं वाटेना. ते म्हणाले, "त्या दिशी मी झोपलो नव्हतो."

मग म्हणाले, कळशी ठेवलेली मी बघितली. ती बांधाकडे चाललेलीही खिडकीतून बघितली. मला कळलं ती काय करत्ये. प्यावं असंही वाटलं, तिला सोडवावं म्हणून. डोळे मिटून मनाशी झगडत होतो, तेवढ्यात तिची पावलं धावत आली. मग डोळे उघडायची लाज वाटली.

मारामाऱ्या थांबल्या असं समजू नको. काल त्यांनी पेला फेकला, माझ्या खांद्याला लागला. मी बायजाला हाक मारली आणि ओटीवर जाऊन बसलो. तिनं आत जाऊन त्यांना इतक्या शिव्या घातल्या, की ते हसायला लागले. असंच चालणार आहे. गणपती झाले की मी कारखान्यातून दर महिन्याला काही दिवस मोकळा होऊन इथं येणार. शेठ ओरडेल. ओरडू दे. कृष्णाबाई म्हणते, रोहा ते पनवेल गाडी एकच आहे, एखाद्या गुरुवारी माझा मुलगा आणि तुमचे भावोजी, दोघांना मी एकटी घेऊन जाईन, मैनानं घरी झोपावं. पुढच्या वेळी तू तिच्यासाठी तसंच करायचं.

तू यावंस असं मी लिहीत नाही. खालचं त्यांनी स्वतः लिहिलंय. नसेच्या हातानं लिहिता येत नाही, म्हणून डाव्यानं.

दादा

मैना,
तुझ्या दादाला परत ने. पेला भरताना देवाचं नाव घेतो, फार वेळ लागतो.
येऊ नये वाटलं तर येऊ नको. मी समजेन.
आलीस तर विहिरीवर जाऊन पिऊ नको. माझ्यासमोर बसून पी. पोटभर. मला बघायचं आहे. त्या वेळी माझा एक हात बांध, दुसरा मी मांडीखाली धरून ठेवीन.
हैबत


पेण
२९ ऑगस्ट

दादा,

रविवारच्या गाडीनं येते. बरोबर कारखान्यातला लहान देव आणते, डोळे पोपटानंच काढलेत. तो दचकलेलाच असू दे, आपल्या घराला तसाच बरा.

त्यांना सांग, हात बांधणार नाही. दोन्ही मोकळे ठेवून मी त्यांच्यासमोर पाणी पिईन. फेकायचं ते फेकू देत. तू मात्र दारात उभा राहा आणि माझा हात उठला, तर मला हाक मार.

कळशी भरून ठेव. धोपाटणं दाराआड नको, मोरीत ठेव.

मैना